नळ पास, नदी नापास: ‘बायोएन्झाइम ओता, मर्यादा विसरा’ या मेसेजला उत्तर

बरेच दिवस फिरत असलेला हा मेसेज शेवटी घरच्याच ग्रुपवर आला आणि मावशीने खाली लिहिलं, ‘आपणही रविवारी करूया.’ म्हणून हे उत्तर. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: शहरातले सगळे सांडपाणी प्रकल्प ३० च्या नियमात आहेत, म्हणजे सोडलेल्या पाण्यातल्या घाणीचं माप (बीओडी) ३० च्या आत आहे, मग नदी केंद्राच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कशी? एखाद्या वाईट नमुन्यावरून नाव घातलं असणार. वाहतं पाणी ५० किलोमीटरांत आपोआप शुद्ध होतं. उरलेलं धरणातून पाणी सोडलं की धुऊन जातं. एक लिटर बायोएन्झाइम हजार लिटर पाणी शुद्ध करतं, तेव्हा प्रत्येक सोसायटीने ते नाल्यात ओतावं. आणि नदीसाठी प्रदूषणाच्या भाराची मर्यादा ठरवणं हे अमेरिकेतून आणलेलं, कारखाने बंद पाडणारं खूळ आहे.

आधी बायोएन्झाइम घेऊ. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, पण हा मुद्दा नदीला थेट इजा करतो.

कृती सगळ्यांना पाठ आहे: एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-लिंबाची सालं, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवणं. म्हणजे लिटरभर पाण्यामागे १०० ग्रॅम गूळ. साखर पाण्यात कुजताना जवळपास स्वतःच्या वजनाइतका ऑक्सिजन खाते, म्हणजे एका लिटरमागे साधारण १०० ग्रॅम ऑक्सिजनची उधारी. झाकण लावून आंबवल्याने ही उधारी फिटत नाही. साखरेचं अल्कोहोल होतं, अल्कोहोलचं व्हिनेगरसारखं आम्ल होतं, आणि नदीत गेल्यावर तेही ऑक्सिजन मागतंच. सालींचा हिशोब सोडून देऊ. आंबताना काही जळलं, काही उडालं म्हणून निम्मं वजा करू. तरी लिटरमागे ५० ग्रॅम उरले. आता मेसेजमधल्याच प्रमाणात ते हजार लिटर पाण्यात ओता. प्रत्येक लिटर पाण्यावर ५० मिलिग्रॅम ऑक्सिजनची नवी मागणी पडली. तीस अंश तापमानाच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन काठोकाठ भरला तरी साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. मे महिन्यात शहरातल्या नाल्यात तेवढाही नसतो. नाल्यात ओतलेली ही बाटली शुद्धीकरण करत नाही, नदीत जाणारा भार वाढवते.

‘पण वास गेला’ असं लोक सांगतात. थोडा वेळ जातो, हे मान्य. आम्लामुळे अमोनिया पाण्यात अडकतो आणि वर संत्र्याचा वास येतो. मैला तिथेच असतो.

दुसरा मुद्दा ३० चा. इथे बीओडी म्हणजे काय ते सांगायला हवं: पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. नळाच्या तोंडाशी, म्हणजे प्रकल्पातून पाणी नदीत पडतं तिथे, मोजलेला हा आकडा घाण किती दाट आहे ते सांगतो, एकूण किती घाण आली ते सांगत नाही. एकूण भार काढायला तो प्रवाहाने गुणावा लागतो. हिशोब सोपा आहे: एक एमएलडी, म्हणजे रोजचे दहा लाख लिटर, गुणिले एक मिलिग्रॅम, बरोबर रोज एक किलो.

समजा एका शहरात दहा प्रकल्प आहेत, प्रत्येकी ५० एमएलडीचे, आणि सगळे बीओडी ३० वर पास. नदीत रोज ५०० गुणिले ३० म्हणजे १५,००० किलो गेले. उन्हाळ्यात नदीचं स्वतःचं पाणी २०० एमएलडी आहे आणि त्याचा बीओडी २ आहे असं धरू, म्हणजे आणखी ४०० किलो. एकूण १५,४०० किलो, ७०० एमएलडी पाण्यात. नदीचा बीओडी आला २२. अंघोळीयोग्य पाण्याची मर्यादा ३ आहे. एकाही प्रकल्पाने नियम मोडला नाही आणि तरी नदी मर्यादेच्या सातपट वर गेली.

मुळात ३० हा आकडाही मोठ्या शहरांचा नाही. केंद्राच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत पुणे-मुंबईसारख्या महानगरांना २० आहे, इतरांना ३०. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१९ मध्ये १० सांगितला. वरच्या गणितात २० घातले तर नदी १५ वर येते, १० घातले तर पावणेआठच्या आसपास. दहाही पुरत नाही, कारण नदीत तेवढं स्वतःचं पाणीच नाही. नदीत ३ हवे असतील तर ७०० एमएलडीला २,१०० किलोच झेपतात. त्यातले ४०० नदीचेच आणि मोजमापातल्या चुकांसाठी दहा टक्के, म्हणजे २१०, राखून ठेवायचे. उरले १,४९०. पाचशे एमएलडीवर वाटले तर बीओडी ३ झाला. साध्या प्रकल्पातून हे निघत नाही. तेव्हा दोनच वाटा राहतात: शुद्ध केलेलं पाणी कारखान्यांना, बांधकामांना, शेतीला देऊन नदीत सोडायचं प्रमाण कमी करायचं आणि उरलेल्यावर जास्त कडक प्रक्रिया करायची. भाराची मर्यादा काढली की हे कागदावर दिसतं. नळाच्या मर्यादेत ते कधीच दिसत नाही.

त्यात प्रकल्पापर्यंत न पोचलेले नाले वेगळेच. वीस एमएलडीचा एक उघडा नाला, बीओडी २००, म्हणजे रोज ४,००० किलो. हे २० वर चालणाऱ्या २०० एमएलडीच्या प्रकल्पाइतके झाले. पैसे आधी कुठे घालायचे याचं उत्तर अशा एका गुणाकारात मिळतं. प्रवाह मोजायचा तो मे महिन्यात, ऑगस्टमधल्या पुरात नाही. नमुना घ्यायचा तो चोवीस तासांत थोडा थोडा गोळा करून, सकाळी अकराला भरलेली एक बाटली नाही. आणि वीज गेली की प्रक्रिया न होता बायपासमधून काय जातं, तेही धरायचं.

यादीबद्दल एक गोष्ट मेसेजमध्ये अर्धी बरोबर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीपट्ट्याचा प्राधान्यक्रम लावताना आढळलेला सर्वाधिक बीओडी धरतं, म्हणून एखाद्या वाईट नमुन्याने पट्टा वरच्या गटात जाऊ शकतो. पण नमुने मोजकेच घेतले जातात, त्यामुळे अनेक वाईट दिवस नोंदवलेही जात नाहीत. २०१८ च्या यादीत देशात ३५१ पट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले, आणि मुळा, मुठा, मिठी या बीओडी ३० च्या वर असलेल्या पहिल्या गटात होत्या. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर आला, महाराष्ट्राचा ५५ वर गेला.

आता ५० किलोमीटर. नदी स्वतःला काही प्रमाणात शुद्ध करते, हे शंभर टक्के खरं आहे आणि भाराची मर्यादा काढताना ते धरलंही जातं. पण किती? सेकंदाला वीस सेंटिमीटर वाहणारी नदी ५० किलोमीटर जायला सुमारे तीन दिवस घेते. तेवढ्यात बीओडी निम्मा ते दोन-तृतीयांश घटतो. बावीसचे सात ते अकरा झाले. तेही वाटेत दुसरं गाव, दुसरा नाला लागला नाही तर. आणि त्या तीन दिवसांत ऑक्सिजन सर्वांत खाली जातो तो शहराबाहेर, खालच्या गावांपाशी. फॉस्फरस मात्र जिरतच नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, तिथे तोच फॉस्फरस जलपर्णी पोसतो, आणि सोलापूर त्या धरणाचं पाणी पितं.

धरणातून सोडायचं म्हणता? वरच्या १५,००० किलोंना ३ वर आणायला बीओडी १ चं पाणी रोज ६,७५० एमएलडी लागेल, म्हणजे सतत साधारण २,७५० क्युसेक. सुमारे दोन टीएमसीचं खडकवासला धरण आठ दिवसांत रिकामं होईल. उन्हाळ्यात नदीला थोडं तरी पाणी सोडायला हवं, याला माझा पाठिंबा आहे. धुण्यासाठी सोडायला तेवढं पाणी नाही.

राहिलं अमेरिकेचं. तिथे १९७२ च्या कायद्याखाली बिघडलेल्या नद्यांना असा एकूण दैनिक भार ठरवून देतात, हे बरोबर. २०१० मध्ये चेसापीक उपसागरासाठी सहा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन यांना नत्र, फॉस्फरस आणि गाळाचे वाटे ठरवून दिले. पण आपल्याकडे ही कल्पना आयात करायची गरजच नाही. आपला जल प्रदूषण कायदा १९७४ चा आहे, महाराष्ट्राचा स्वतःचा तर त्याहीआधी १९६९ चा. १९७४ च्या कायद्याचं कलम १७, पोटकलम १ चा खंड ‘के’ उघडून वाचा. राज्य मंडळाचं काम म्हणून तिथे सांगितलं आहे की, एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडायच्या सांडपाण्यावर किती प्रक्रिया हवी याची मानकं ठरवताना, त्या प्रवाहात कोरड्या हवामानात कमीत कमी किती पाणी मिसळायला उपलब्ध आहे आणि पाणी सोडल्यावर प्रवाहाला किती प्रदूषण सोसेल, हे लक्षात घ्यायचं. मी वर मांडलेलं गणित हेच आहे. ते पन्नास वर्षांपासून कायद्यात आहे.

कारखान्यांबद्दल एवढंच: वाटे प्रत्येकाच्या किलोंवर ठरतात. रोज ४,००० किलो महापालिकेच्या नाल्यातून येत असतील, तर चाळीस किलोवाल्या कारखान्याला टाळं लावून नदी सुधारत नाही, आणि हे कारखान्याच्या बाजूने दाखवून देणारा कागद भाराचाच असतो.

मावशी, तुझ्याकडे ज्या बाटल्या तयार आहेत त्या कंपोस्टच्या ढिगावर थोड्या थोड्या, भरपूर पाणी घालून शिंपड. नाल्यात एकही नको. आणि रविवारी सोसायटीचे लोक जमणारच असतील, तर आपला मैला प्रकल्पापर्यंत पोचतो की मागच्या नाल्यात पडतो, तेवढं चेंबर उघडून बघायला सांग.