‘चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकांना आजचा चष्मा कशाला?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शेक्सपिअरच्या नाटकांत वंश आणि अपंगत्व एकत्र वाचायला हवं, या माझ्या म्हणण्यावर ‘वंशभेद, अपंगत्व हे आजचे वाद, ते शेक्सपिअरच्या माथी का मारता? इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याची पाठ वाकडी होती हा साधा इतिहास आहे,’ असं तुम्ही लिहिलंत. शब्दांपुरतं तुमचं मान्य. आज वंश या अर्थाने वापरला जाणारा ‘रेस’ हा शब्द म्हणजे तेव्हा बहुधा कूळ, घराणं.

रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला सापडला. कणा खरंच वाकडा होता, हात मात्र धड होते. ‘रिचर्ड द थर्ड’ नाटकात तो वाळलेला हात पुढे करून चेटकाचा आरोप करतो आणि सरदार हेस्टिंग्जचं डोकं उडवतो. म्हणजे सगळाच ‘साधा इतिहास’ नव्हे.

‘टेम्पेस्ट’मध्ये बेटावरच्या विद्रूप कॅलिबनला पाहून विदूषक ट्रिंक्युलो म्हणतो, इंग्लंडातली माणसं लंगड्या भिकाऱ्याला दमडी देणार नाहीत, पण मेलेला ‘इंडियन’ (म्हणजे अमेरिकेतला मूलनिवासी) बघायला दहा मोजतील. अपंग आणि परका एकाच वाक्यात आले आहेत, ते मी आणून बसवलेले नाहीत.

पण माझा खरा मुद्दा ‘ऑथेल्लो’चा आहे. ऑथेल्लो हा व्हेनिसचा काळा सेनापती; त्याचा हाताखालचा इयागो, बायको डेस्डेमोना हिचे दुसरा अधिकारी कॅसिओ याच्याशी संबंध आहेत असं त्याच्या मनात भरवतो. चौथ्या अंकात ऑथेल्लो कोसळतो. इयागो सांगतो, फेफरं आहे, कालही आलं होतं. ‘काल’ला पुरावा फक्त इयागोचा शब्द. कॅसिओ म्हणतो, कानशिलं चोळ. इयागो त्याला अडवतो: तसं केलं तर तोंडाला फेस येईल आणि तो रानटी वेडाने पिसाळेल. ज्या इटालियन कथेवरून नाटक घेतलं, तिच्यात हे फेफरं नाही. शुद्धीवर आल्यावर ऑथेल्लो पिसाळत नाही, ‘माझी थट्टा करतोस?’ एवढंच विचारतो. पण थोड्याच वेळात तो डेस्डेमोनावर हात उगारतो, आणि व्हेनिसहून आलेला लोडोविको विचारतो, याचं डोकं ठिकाणावर आहे ना? काळ्या माणसाच्या अंगात रानटीपणा दबा धरून असतो हा समज आणि आजाऱ्याची भीती, इयागो दोन्ही एका दमात वापरतो. एकच बाजू वाचली तर त्याची चाल निम्मीच कळते.

माझ्या मावशीला फेफरं यायचं. कुणी कांदा हुंगवायचं, कुणी चप्पल, आणि दारातली गर्दी मुलांना मागे ओढायची: ‘लांब व्हा, चावेल.’ ती कधी कुणाला चावली नाही. कॉलेजात तो प्रवेश शिकवताना सरांनी फेफऱ्याच्या ओळी ‘महत्त्वाच्या नाहीत’ म्हणून सोडून दिल्या होत्या. मी त्या घरी येऊन वाचल्या, आणि कानशिलं चोळायला निघालेल्या कॅसिओपाशी बराच वेळ थांबले.