टेरेन्स डेव्हिस आणि स्मरणरंजनाचा आक्षेप : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण विचारपूर्वक लिहिले आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ब्रिटिश दिग्दर्शक टेरेन्स डेव्हिस यांच्या 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज' (१९८८) या चित्रपटावर आपले दोन आक्षेप आहेत : प्रसंगांना कसलाच क्रम नाही, आणि जागोजागी गाणी पेरून लिव्हरपूलमधल्या कामगार कुटुंबाचे हाल गोड करून दाखवले आहेत. मला दोन्ही मान्य नाहीत.

आधी क्रमाविषयी. चित्रपटातल्या कुटुंबातली मुलगी आयलीन हिच्या लग्नाच्या दिवशी सारे कुटुंब फोटोसाठी उभे राहावे तसे उभे आहे. आज बाबा हवे होते, असे ती म्हणते. बहीण मेझीच्या मनात मात्र नेमके उलटे येते आणि पुढच्याच क्षणी आपण तळघरात असतो, जिथे फरशी घासणाऱ्या मेझीने नाचाला जाण्याची परवानगी मागितली म्हणून बाप तिला झाडूने मारतो आहे. लग्नानंतर तळघर का, हे वर्षांच्या हिशेबाने कळणार नाही. बहिणीच्या त्या एका वाक्याने मेझीला काय आठवले, यातून ते कळते. डेव्हिस हे दहा भावंडांतले शेंडेफळ, आणि वडील गेले तेव्हा ते जेमतेम सात वर्षांचे होते. चित्रपटात त्यांची स्वतःची व्यक्तिरेखा नाही. त्यातले बरेचसे आई आणि भावंडांनी सांगितलेले, म्हणजे अनेकांच्या आठवणींतून आलेले आहे. एकाची आठवण दुसऱ्याची जागी करते, तोच इथला क्रम आहे.

गाण्यांविषयीचा आक्षेप मला अधिक बोचला. आई खिडकीच्या कठड्यावर बसून काचा पुसते आहे आणि अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डच्या आवाजात प्रेमावर भरवसा टाकू पाहणारे गाणे चालू आहे. दृश्य बदलते, नवरा तिला बेदम मारत असतो, आणि गाणे थांबत नाही. त्याच सुरांवर ती सुजलेल्या चेहऱ्याने घरातले सामान पुसताना दिसते. यात गोडवा कुठे आहे? ते गाणे मारहाणीला अधिक असह्य करते. शिवाय फिल्मवर प्रक्रिया करताना ब्लीचची पायरी गाळून डेव्हिस यांनी रंग मुद्दाम उतरवून घेतले. ज्याला गतकाळ सजवायचा असतो, तो असे करत नाही.

आपला दुसरा आक्षेप डेव्हिस यांच्याच 'ऑफ टाइम अँड द सिटी' (२००८) या माहितीपटाला काही प्रमाणात लागू पडतो, असे मला वाटते. तिथे त्यांचे निवेदन जुन्या चित्रफितींवर इतके दाटून येते की प्रेक्षकाला स्वतःचे काही वाटायला जागा उरत नाही.

पण १९८८ च्या या चित्रपटातला नाताळ एकदा पुन्हा पाहावा, अशी विनंती आहे. झोपलेल्या मुलांकडे मायेने पाहणारा बाप आणि जेवणाच्या टेबलावरची चादर भांड्यांसकट ओढून काढणारा बाप लागोपाठ येतात. त्या दोघांना जोडणारे कारण डेव्हिस देत नाहीत, कारण मुलांना ते कधी मिळालेच नव्हते.