एका पायात मोजा

पोस्ट मोठी आहे. तीनदा लिहून खोडली, आज मात्र टाकतोच.

पाच वर्षांपूर्वी डिप्रेशन असलेल्यांचा एक गट जमायचा त्या खोलीत आठ-दहा खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या आणि मी दाराजवळची पकडून बसलो होतो. गुपचूप सटकता यावं म्हणून. समोर एक काका होते, साठी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट वगैरे. ते सांगत होते, "परवा सकाळी पलंगाच्या कडेला बसून एक मोजा घातला. दुसरा हातात होता. तसाच बसून राहिलो. घड्याळ बघितलं तर चाळीस मिनिटं झालेली."

कुणीच काही बोललं नाही. मग एक बाई फस्सकन हसल्या. "माझा ब्रश असतो हातात. पेस्ट लावलेला." कोपऱ्यातला एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, "मशीनमध्ये धुतलेले कपडे. वाळत घालायला उठवत नाही, वास यायला लागतो, मग परत धुतो. एका आठवड्यात तेच कपडे चार वेळा धुतलेत." एव्हाना सगळेच हसत होते. मीसुद्धा. किती महिन्यांनी हसलो ते आठवत नाही, आणि हसताहसता डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं तेही कळलं नाही. कारण फोन वाजतोय, स्क्रीनवर नाव दिसतंय, माणूस आवडीचं आहे, आणि तरी तो वाजायचा थांबेपर्यंत मी नुसता बघत बसतो, हे मी तोवर एकाही जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, हा आजार नसून माझा नालायकपणा आहे.

(गटात बोललेलं बाहेर न्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. मोज्याची गोष्ट काकांना विचारून लिहितोय. बाकीच्यांना ओळखू येणार नाही एवढं बदललंय.)

आता थोडं मागे जातो. मला डिप्रेशन आहे हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी रडत नव्हतो. मी खेकसत होतो. टीव्हीचा आवाज, दाराचा आवाज, मुलानं दोनदा विचारलेला एकच प्रश्न, कशावरही. पहाटे चारला टक्क जाग यायची आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. सकाळ सगळ्यात वाईट. संध्याकाळपर्यंत जरा माणसात यायचो, चार गप्पाही मारायचो. यानंच घात केला. "काल तर चांगला बोलत होतास की!" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मलाच शंका यायला लागली, आपण नाटक तर करत नाही ना? सकाळी जास्त आणि दिवस कलताना कमी, हे या आजारात बऱ्याच जणांना होतं, हे फार नंतर कळलं.

डॉक्टरकडे गेलो तोही झोप लागत नाही म्हणून. त्यांनी रक्त तपासायला लावलं, थायरॉइड बिघडलं तरी असंच होऊ शकतं म्हणाले. मग एक कागद भरायला दिला. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. मला २७ पैकी १९ पडले. शाळेत गणितात एवढे पडले असते तर घरात पेढे वाटले असते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. तिथे मी 'काही दिवस' वर खूण केली आणि कागद उलटा करून दिला. डॉक्टरांनी तो सुलटा केला आणि सरळ विचारलं: कधी येतात, काय येतात, काही ठरवलंय का? इतक्या साध्या आवाजात विचारलं की मी साध्या आवाजात उत्तर दिलं. असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नको ते भरतं अशी भीती लोकांना वाटते. तसं होत नाही. माझ्यापुरतं सांगतो, कुणीतरी विचारलं याचाच सुटकारा वाटला. तुमच्यापैकी कुणाला हे विचार येत असतील तर पोस्ट इथेच सोडा आणि आधी कुणाला तरी सांगा, डॉक्टरला, घरच्यांना, हेल्पलाइनला. आजच. माझं पुराण कुठे पळत नाही.

तर गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा कारभार उलटा असतो. त्रास पहिल्या आठवड्यात, गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त. पहिले आठ दिवस मला फक्त मळमळ मिळाली. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, मी मान डोलावली होती, आणि तरीही पाचव्या दिवशी गोळ्या फेकून द्यायच्या बेतात होतो. गटात सांगितलं. ब्रशवाल्या बाई म्हणाल्या, "मलाही झालं होतं. दुसऱ्या आठवड्यात गेलं." संपलं. डॉक्टरांचंच वाक्य, पण त्यांच्या तोंडून आलं आणि मी गोळी घेतली.

यावर मी पुष्कळ विचार केलाय. डॉक्टरला जास्त कळतं यात शंका नाही. पण जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, ही म्हण आपण नुसती टोमण्यासाठी वापरतो. तिच्यात उपचाराची एक आख्खी पद्धत दडलेली आहे असं माझं आता ठाम मत आहे. ज्याला झालंय तो बोलतो तेव्हा तुमची अर्धी ताकद वाचते. 'मला खरंच काहीतरी होतंय' हे पटवून देण्यात जी खर्च होते ना, ती.

लोक सल्ले देतात त्याचं काय? "सकाळी चालायला जा." सल्ला बरोबर आहे. व्यायामानं नैराश्यात फरक पडतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. पण ज्याला दुसरा मोजा चढत नाही त्याला तुम्ही पाच किलोमीटर सांगताय. काकांनी मला काय सांगितलं? "चप्पल घालून दाराबाहेर उभे राहा. चालू नका. दोन मिनिटं झाली की आत या." मी चार दिवस नुसता दाराबाहेर उभा राहिलो, शेजारी संशयानं बघायला लागले. पाचव्या दिवशी कंटाळून कोपऱ्यापर्यंत गेलो. मूड आला की करू म्हटलं तर मूड येतच नाही, आधी थोडं करायचं आणि मूड मागून येतो. मानसोपचारात ही एक रीतसर पद्धत आहे, हे मला नंतर समुपदेशकानं सांगितलं. काकांनी ती स्वतःच्या पायांनी शोधली होती.

झिंबाब्वेतली एक गोष्ट मला फार आवडते. डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ. अख्ख्या देशात त्यांच्यासारखे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांची एक तरुण पेशंट आत्महत्या करून गेली, आणि ती त्यांच्यापर्यंत का पोचली नाही, तर घरच्यांकडे बसच्या भाड्याचे पैसे नव्हते. मग २००६ मध्ये हरारेत त्यांनी वस्तीतल्या चौदा आज्यांना शिकवून तयार केलं. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी, आणि शेजारी येऊन बसेल तो. आज्या 'डिप्रेशन' म्हणतच नाहीत. त्यांच्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, म्हणजे अति विचार करणं. आपण म्हणतो ना, डोक्याला भुंगा लागलाय? तेच. पुढे याची रीतसर चाचणी झाली, ५७३ लोकांवर, आणि २०१६ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. मला त्यातला पुढचा भाग जास्त भावतो. बाकावरची पाळी संपली की त्या माणसाला एका गटात धाडतात. तिथे सगळे बाकावर बसून गेलेले. हातानं पिशव्या विणतात आणि बोलतात. एकमेकांच्या डोळ्यांत बघायची सक्ती नाही, हात कामात. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला हा आजार आतून माहीत असणार.

आता दुसरी बाजू. गट म्हणजे देऊळ नव्हे. काही दिवस मी तिथून येताना गेलो होतो त्याहून जड होऊन आलो. आठ जणांचं आठ घरांचं दुःख एका तासात, आणि माझी झोळी आधीच फाटकी. मग मी एखादा आठवडा चुकवायला शिकलो, कुणी विचारलं नाही का आला नाहीत म्हणून. शिवाय एक किडा असतो, "तुझं काय घेऊन बसलास, माझं बघ." मोठ्या दुःखाची स्पर्धा लागली की लहान दुःखवाला गप्प होतो, आणि गप्प झालेलाच जास्त धोक्यात असतो. आमच्या गट चालवणाऱ्या बाई यावर कडक होत्या. तुलना नाही, आणि गोळीबद्दल सल्ला मागायचा नाही, द्यायचा नाही.

तो दुसरा नियम मी मोडला. दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं तशा मी गोळ्या स्वतःहून बंद केल्या. एकदम. तीन दिवसांत गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं, आणि रात्री भलभलती स्वप्नं. आणि मी शहाणा, हे डॉक्टरला न सांगता गटात विचारतोय, "तुमच्या वेळी कसं होतं?" काका कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हा चढवला. "इथे काय विचारताय? उठा, फोन लावा डॉक्टरांना." मग कळलं की बरं वाटल्यावरही सहसा सहा-नऊ महिने गोळी चालू ठेवतात आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवतात. म्हणजे गटानं मला गोळी घ्यायला लावली आणि गटानंच गटाबाहेर हाकललं. दोन्ही बरोबर होतं.

बायकोबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. सुरुवातीला ती सारखी म्हणायची, "बोल ना माझ्याशी, मोकळा हो." तिचं चुकत नव्हतं, पण बोलायला शब्द जमवणं हेच तर काम जमत नव्हतं. मग एक दिवस म्हणाली, "तुला काय होतंय मला कळत नाही. मी इथे पेपर वाचत बसते." आणि बसली. पान उलटल्याचा आवाज तेवढा. ही युक्ती तिला कुठे मिळाली? गटाच्या खोलीबाहेर जिन्यावर. मला सोडायला यायची, तास संपेपर्यंत थांबायची, तशीच ब्रशवाल्या बाईंचे यजमान थांबायचे, त्या मुलाची आई थांबायची. आमचं आत चालायचं तेव्हा त्यांचा जिन्यावर वेगळाच गट जमला होता. मला दोन वर्षं पत्ता नव्हता. त्यांच्या जिन्यावर कुणी खुर्च्या मांडल्या नाहीत, ही मात्र माझी तक्रार आहे. आजारी माणसाचं सगळे विचारतात, त्याच्यासोबत राहणाऱ्याचं कुणी विचारत नाही.

हे सगळं आज का लिहितोय? कारण गेल्या वर्षी ते परत आलं. एकदा होऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ते पुन्हा गाठतं, हे मला ठाऊक होतं, तरी 'आपलं झालं एकदाचं' अशा भ्रमात होतोच. या वेळी खूण लवकर पटली. मशीनमधल्या कपड्यांना वास यायला लागला होता आणि मी तेच कपडे तिसऱ्यांदा धूत होतो. दुपारी डॉक्टरांची वेळ घेतली. त्याआधी, सकाळी, पलंगाच्या कडेवरूनच काकांना मेसेज टाकला, "एका पायात मोजा."

उत्तर लगेच आलं. "दुसरा कुठाय?"

"हातात."

"बरं. बसा. मीही बसलोय."

दुसरा मोजा चढायला अकरा वाजले.