बंकर नाही म्हणून हात झाडू नका

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन अभ्यास’ या नागरी संरक्षणाच्या सरावाचे भोंगे वाजले, तेव्हा सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरलेला एक मेसेज अजून डोकं वर काढतो. म्हणणं असं: अणुबॉम्ब पडला तर कुणी वाचत नाही, तगतील ते फक्त स्वित्झर्लंडसारखे बंकरवाले, आपण खिडक्या टेपने बंद करायच्या, आयोडीनयुक्त मीठ जास्त खायचं आणि लगेच गाव गाठायचं. कुणी वाचणारच नसेल तर गावाला जायचं कुणी, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

कुणीच वाचत नाही? हिरोशिमात एइझो नोमुरा स्फोटाच्या केंद्रापासून जेमतेम १७० मीटरवर, काँक्रीटच्या इमारतीच्या तळघरात होते. ते १९८२ पर्यंत जगले. अर्थात हा अपवाद. स्फोटाच्या तोंडी सापडलेल्यांना कुठलीच तयारी पुरणार नाही, इथवर मेसेज बरोबर आहे. पण बॉम्ब जमिनीलगत फुटला, तर वर उचललेली माती किरणोत्सारी धूळ होऊन वाऱ्याबरोबर दूरवर पडते. मार्च १९५४ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटावर अमेरिकेने केलेल्या अणुचाचणीनंतर रोंगेलॅप बेटावर अशी पांढरी भुकटी पडली आणि पोरं तिच्यात खेळली. स्फोट झाला होता सुमारे दीडशे किलोमीटरवर. वाचण्याचा प्रश्न आहे तो अशा लांबच्या पट्ट्यातल्या लोकांचा.

त्यांना बंकर लागतो का? स्वित्झर्लंडचे निवारे १९६३ च्या कायद्यानंतर घरांबरोबर बांधले गेले. ते काही आठवड्याभरात उभे राहत नाहीत. पण या धुळीतून निघणारी घातक गॅमा किरणं अडतात ती वजनाने, आणि वजन आपल्या आरसीसी इमारतींतही आहे. साधारण ६ सेंटीमीटर काँक्रीट किंवा ९ सेंटीमीटर दाबलेली माती मारा निम्म्यावर आणते. धूळ बसते गच्चीवर आणि जमिनीवर. म्हणून सात मजली इमारतीत वरचा मजला नको, तळमजलाही नको. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचा, बाहेरच्या भिंतींपासून लांबचा पॅसेज धरायचा. मोठ्या काँक्रीट इमारतीच्या मध्यभागी किरणोत्साराची मात्रा बाहेरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत उतरू शकते. पत्र्याच्या घरात यातलं काहीच मिळत नाही. तिथल्या लोकांनी जवळची पक्की शाळा किंवा इमारत गाठायची. सोसायट्यांनी अशा वेळी गेट उघडं ठेवायचं, हे वॉचमनला आजच सांगून ठेवावं. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

लगेच गाव गाठणं हा तर सगळ्यात घातक सल्ला. ढोबळ नियम असा, की स्फोटानंतरचा वेळ सातपट झाला की किरणोत्सार दहाव्या हिश्श्यावर येतो. पहिल्या तासाला १००० असेल तर सात तासांनी १००, दोन दिवसांनी १०. म्हणजे ज्या तासांत आपण हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकणार, तेच सर्वांत वाईट. गाडीचा पत्रा फारसं काही अडवत नाही. वेगळी सूचना येईपर्यंत पहिला दिवस तरी आतच काढायचा.

मिठाचा हिशेब करून बघा. किरणोत्सारात दिल्या जाणाऱ्या, प्रौढाच्या १३० मिलिग्रॅमच्या पोटॅशियम आयोडाइड गोळीत जवळपास १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. किलोभर मिठात १५ मिलिग्रॅम धरलं, तरी सहा किलोंहून जास्त मीठ खावं लागेल! शिवाय ती गोळी वाचवते फक्त थायरॉइडला, तेही किरणोत्सारी आयोडीनपासून. ती अधिकाऱ्यांनी सांगितल्यावरच घ्यायची.

खिडक्या लावा, बाहेरची हवा ओढणारं यंत्र बंद करा, पण खोली हवाबंद करू नका; गर्दीत जीव गुदमरेल. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दारातच उतरवून पिशवीत बांधावेत, साबण लावून अंघोळ करावी. केसांना शॅम्पू चालेल, कंडिशनर नको; त्याने धूळ केसांना चिकटून राहते.