सायकलचा रंग नंतर, आधी चिमट्यात बोट घालून बघा

खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलाने परवा मला तीन सायकलींचे फोटो पाठवले. 'काकू, यातली कुठली घेऊ? बजेट तीस हजार.' रोज कॉलेजला जायचंय आणि रविवारी मित्रांबरोबर त्र्यंबक, वाघेरा घाट, जमलं तर सप्तशृंगीपर्यंत. दोन सायकलींना पुढे भलेमोठे शॉकअप होते आणि तिसरी बारीक टायरची, वाकड्या हँडलची. जिन्यात उभ्याउभ्याच त्याला म्हटलं, 'यातली एकही नको, थांब जरा.' त्याचं तोंड उतरलं. पोराने महिनाभर यूट्यूब पालथं घातलं होतं. नीट कारण न सांगता त्याला परत पाठवलं याची मला चुटपुट लागून राहिली, म्हणून हे सगळं लिहितेय. त्याच्यासाठी आणि नाशकात सायकल घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकासाठी.

मी गिरणारेच्या पुढच्या एका गावात शाळेत शिकवते. आठवड्यातून तीन दिवस सायकलने जाते. गंगापूर रोडचा शहरातला भाग सोडला की रस्ता आपले रंग दाखवायला लागतो. सोमेश्वरच्या पुढे कुठे नवं डांबर, कुठे जुन्यावर ठिगळ, कुठे साइडपट्टी चार बोटं खचलेली. २०२७च्या सिंहस्थाची कामं निघाल्यापासून शहरातही आज गुळगुळीत असलेला रस्ता उद्या उकरलेला सापडतो. शाळेचा शेवटचा दीड किलोमीटर मुरुमाचा आहे. म्हणजे एकाच फेरीत डांबर, काँक्रीट, खडी आणि मुरूम. आपल्याकडच्या बहुतेक सायकलवाल्यांचा रस्ता असाच असतो, पण दुकानात सायकल बघताना हा रस्ता कोणाच्या डोळ्यापुढे नसतो.

माझ्याही नव्हता. २०१५मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेतली 'रॅम' (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत पूर्ण केली. दोघांनी मिळून सुमारे ४,८०० किलोमीटर, तेही नऊ दिवसांच्या आत. तेव्हा गावात सायकलचं जे वारं आलं, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना आठवत असेल. त्या भारावलेपणात मी २५ मिलिमीटर टायरची रोड सायकल घेतली. हायवेला ती वाऱ्यासारखी पळायची, मला फार आवडायची. पण शाळेच्या रस्त्यावर तीन महिन्यांत माझ्या दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर व्हायला लागल्या. पंक्चरचं तर विचारू नका. टायर बारीक असला की खड्ड्याच्या कडेवर तो पूर्ण दबतो, ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चेंगरते आणि तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. तसं होऊ नये म्हणून हवा ठासून भरावी, तर सायकल दगडासारखी कडक आणि प्रत्येक खडा थेट मनगटात.

मग दुसऱ्या टोकाला गेले. पुढे शॉकअपवाली, जाड गोट्यांच्या म्हणजे उठावदार नक्षीच्या टायरची सायकल घेतली. दुकानदार चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, खालीवर दाबून दाखवत होता, 'मॅडम, गादीसारखी आहे.' दुकानात तशी वाटलीही. एका पावसाळ्यानंतर त्या शॉकअपच्या नळ्यांवर गंज चढला, आतल्या बुश ढिल्या झाल्या आणि ब्रेक दाबला की पुढचं चाक खडखडायला लागलं. दुरुस्तीला नेली तर उत्तर मिळालं, 'याचे पार्ट येत नाहीत, अख्खा चिमटा बदला.'

आता मला जे पटलंय ते असं. खराब रस्त्यावरचा आराम आधी टायरमधून येतो, बाकी सगळं त्याच्या मागून.

स्वस्त शॉकअपच्या आत एक स्प्रिंग असते आणि ती परत उसळताना तिला आवरणारं म्हणावं असं काही नसतं. मोठ्या धक्क्याला ती दबते, पण ठिगळांच्या रस्त्यावरची जी बारीक, सततची थरथर असते आणि जिने हात बधिर होतात, ती तिला कळतही नाही. वर तिचं वजन दोन-अडीच किलो. घाटात उभं राहून पायडल मारायला गेलात की निम्मा जोर चिमटा खालीवर करण्यात जातोय असं वाटत राहतं. हवेवर चालणारे, उसळी आवरणारे चांगले शॉकअप असतात, अंजनेरीच्या पायवाटांवरून सायकल उतरवणाऱ्यांनी ते जरूर घ्यावेत. पण नुसत्या त्या एका भागाची किंमत आमच्या पोराच्या अख्ख्या बजेटच्या घरात जाते. तीस हजारांच्या सायकलवर तो येणारच नाही. त्यापेक्षा साधा, सरळ, लोखंडी चिमटा आणि त्यात मावणारा रुंद टायर कितीतरी बरा.

रुंद टायरमध्ये हवा जास्त मावते, म्हणून दाब कमी ठेवला तरी रिम जमिनीला टेकत नाही. कमी दाबाचा टायर खड्यावरून जाताना स्वतः दबतो, तुम्हाला उचलून आपटत नाही. माझ्या आताच्या सायकलला ४७ मिलिमीटरचे टायर आहेत. माझं वजन ५८ किलो, मागे दप्तर आणि डबा. पुढे २८ आणि मागे ३४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवते. त्या २५च्या टायरला ९०च्या आसपास भरावी लागायची. करंगळ्या आता बधिर होत नाहीत, आणि हे मी पाच वर्षांच्या वापरावरून सांगतेय.

'जाड टायर म्हणजे सायकल जड पळणार', हा आक्षेप मला दर रविवारी ऐकायला मिळतो. गुळगुळीत हायवेवर थोडा फरक पडतो, मान्य. पण उखडलेल्या रस्त्यावर कडक बारीक टायर तुमच्या अंगाला जे हादरे देतो, त्यात तुमचीच शक्ती वाया जाते. जड पळतात ते गोट्यांचे टायर, रुंद टायर नव्हेत. मधे जवळजवळ सपाट आणि कडांना बारीक गोट्या, असा टायर आपल्या डांबर-मुरुमाच्या रस्त्याला उत्तम.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिलं काम हे करा. चिमट्याच्या दोन पायांमधे, टायरच्या बाजूने करंगळी घालून बघा. मग तेच मागे, जिथे फ्रेमच्या नळ्या चाकाजवळ येतात तिथे. टायर दोन-चार वर्षांत बदलता येतो, पण फ्रेममधली जागा आयुष्यभर तेवढीच राहते. निदान ४० मिलिमीटरचा टायर आणि वर मडगार्ड, एवढं बसलं पाहिजे. ही जागा पावसाळ्यातही लागते. शेतातून ट्रॅक्टर बाहेर आले की दिंडोरी-गिरणारे भागात डांबरावर काळ्या मातीचा थर पसरतो. ती माती टायरला चिकटते, टायरवरून चिमट्यात जमते आणि जागा कमी असेल तर चाक फिरायचंच थांबतं. रोड सायकल खांद्यावर घेऊन मी एकदा अर्धा किलोमीटर चाललेय, साडीत नव्हते एवढंच नशीब.

चाकांच्या मापाचा गोंधळही इथेच निस्तरते. टायरच्या बाजूला '४२-६२२' असा आकडा असतो. पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. '७००सी' आणि '२९ इंच' ही नावं वेगळी असली तरी रिम एकच, ६२२. साडेसत्तावीस इंच म्हणजे ५८४ आणि सव्वीस इंच म्हणजे ५५९. माझी उंची पाच फूट दोन, म्हणून मी ५८४ घेतली. लहान फ्रेमला मोठं चाक बसवलं की वळताना पायाचं बोट पुढच्या चाकाला लागतं. आमचा पोरगा पाच फूट दहा आहे, त्याला ६२२ची खुशाल चालेल.

हे सगळं ज्या सायकलमध्ये आधीपासूनच होतं तिची गंमत सांगायची राहिली. बाबा पंचवटीतून सातपूर एमआयडीसीत कामाला जायचे, काळ्या ॲटलसवरून, बावीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी गावाकडची पडवी आवरताना ती सायकल बाहेर काढली आणि टायरवरची धूळ पुसली. २८ बाय दीड, म्हणजे ४० मिलिमीटर रुंद. मी तिथेच बसून राहिले. मी दोन सायकली आणि एवढे पैसे घालवून ज्या मापाशी पोहोचले, ते बाबांच्या चाकाला आधीपासून होतं. पोलादी फ्रेम, पुढे झुकलेला लांब चिमटा, सीटखाली स्प्रिंगा, पूर्ण चेनकव्हर. कच्च्या रस्त्यासाठी जे जे लागतं ते सगळं. कमी होतं ते दोनच गोष्टींत. एक म्हणजे गिअर. दुसरं ब्रेक, कारण पावसात स्टीलच्या रिमवर ते रबर नुसतं घसरायचं आणि उतारावर बाबा पाय टेकवून सायकल थांबवायचे. मला लहानपणी डांडीवर बसून त्या चपलेचा आवाज ऐकू यायचा.

म्हणून ब्रेकवर पैसे वाचवू नका. वायरने ओढले जाणारे डिस्क ब्रेक घ्या. चिखलात रिमवरचे ब्रेक रिमच घासून खातात, डिस्कला तो प्रश्न नाही. तेलावरचे डिस्क हाताला हलके लागतात, पण त्यात हवा शिरली तर गिरणारेला किंवा हरसूलला कोण काढून देणार? वायर मात्र कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते.

माझ्या मते टिकाऊ सायकलची खूणच ही, की ती गावातल्या मिस्त्रीला उघडता आली पाहिजे. आठ गिअरची चेन कुठेही मिळते, बारा गिअरची मागवावी लागते. व्हॉल मोटारसायकलसारखा जाड असावा, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. चाकाला ३२ किंवा ३६ स्पोक आणि दुहेरी भिंतीची रिम हवी. मागच्या चाकाबद्दल एक बारकी गोष्ट जरूर विचारा, गिअरची चक्रं बसवायची पद्धत कुठली, फ्रीव्हील आहे की कॅसेट? फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचे छर्रे खूप आत असतात, त्यामुळे बाहेर उरलेल्या लांब ॲक्सलवर सगळा भार येतो आणि खड्ड्यात तो वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे टोकाजवळ असतात. शॉकअपवाल्या सायकलचा माझा ॲक्सल दोनदा वाकला, तेव्हा सातपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने जुना ॲक्सल हातात देऊन मला हे समजावलं. चाकाचा आऊट काढणं, म्हणजे डुलणारं चाक सरळ करणं, मी त्यांच्याकडेच शिकले.

फ्रेम ॲल्युमिनियमची की क्रोमोलीची (हे एक मजबूत पोलाद), यावर लोक तासन् तास वाद घालतात. मी क्रोमोली घेतली, कारण पोलाद वाकलं तर सरळ करता येतं, तडकलं तर वेल्डिंग होतं. पण रुंद टायर लावला की दोन्हींतल्या आरामाचा फरक मला तरी फारसा जाणवला नाही. ॲल्युमिनियमची चांगली मिळाली तर बिनधास्त घ्या. फक्त कॅरिअर आणि मडगार्डसाठी फ्रेमवर भोकं आहेत का ते बघा. पाठीवर सॅक घेऊन त्र्यंबकला तीसेक किलोमीटर जाऊन बघा, मग कॅरिअरचं मोल कळेल.

गिअरचं एकच सांगते. पुढचं सगळ्यात लहान चक्र मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रापेक्षा लहान असावं. पुढे २६ किंवा २८ दात, मागे ३४. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना हाच गिअर गुडघे वाचवतो. वरचा, जोरात पळायचा गिअर आपल्याकडे कितीसा लागतो?

काट्यांचं मात्र रुंद टायरही काही करू शकत नाही. शेताच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावतात, त्यातल्या निम्म्या रस्त्यावर येतात. मी टायर आणि ट्यूबच्या मधे पट्टी टाकलीय, शिवाय एक जादा ट्यूब, पंप आणि सोल्युशन नेहमी बरोबर असतं.

आणि माप. याबद्दल मला खरंच राग येतो. मी गेले त्या तीनही दुकानांत मला 'लेडीज' म्हणून जाळीची टोपली लावलेली सायकल दाखवली, पण एकानेही माझी उंची किंवा हातांची लांबी विचारली नाही. सीटवर बसून पायडल अगदी खाली असताना गुडघ्यात थोडासाच बाक राहिला पाहिजे. हँडल धरल्यावर कोपरं किंचित वाकलेली हवीत. हात ताणावे लागत असतील तर फ्रेम मोठी आहे, मग सायकल कितीही भारी असो, मान आणि खांदे दुखणारच. दुकानाच्या फरशीवर गोल चक्कर मारून हे कळत नाही. बाहेरच्या रस्त्यावर, शक्यतो उकरलेल्याच, पंधरा मिनिटं चालवू देत नसतील तर दुसरं दुकान बघा.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी त्या पोराला घेऊन जाणार आहे. टेप आणि हवेचं गेज बरोबर घेतेय. त्याआधी कोणाला ४७चा टायर चालवून बघायचा असेल तर सायकल घरीच आहे, संध्याकाळी सहानंतर या. सीट माझ्या मापाला लावलेली आहे, पाच-सहाचा पाना काढून ठेवते.