गुंड्याच्या केकचा हिशेब

काल रात्री मावशीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. ‘कुत्र्याला चॉकलेट विषारी? साफ थाप!’ खाली चार मुद्दे आणि शेवटी जोडलेले हात. त्याखाली मावशीचा प्रश्न : ‘मग उद्या गुंड्याला केक दिला तर चालेल ना?’ गुंड्या म्हणजे तिचा पॉमेरेनियन, वजन चार किलो. म्हणून हा खटाटोप.

पहिला मुद्दा, ‘आमच्या शेरूने खाल्लं, काही झालं नाही.’ शेरू लॅब्राडोर असेल, तीस किलोचा, आणि त्याने मिल्क चॉकलेटची एक वडी खाल्ली असेल, तर खरंच काही होत नाही. हे मान्य. पांढऱ्या चॉकलेटमध्ये तर थिओब्रोमिन, म्हणजे कोकोतलं कॅफिनच्या जातीचं द्रव्य, जे कुत्र्याला बाधतं, जवळजवळ नसतंच. पण तेवढ्यावरून गुंड्याचा न्याय करायचा?

‘माणसाला चालतं, मग कुत्र्याला का नाही?’ कारण माणसाच्या शरीरातून निम्मं थिओब्रोमिन ६ ते १० तासांत जातं, कुत्र्याला त्यासाठी साडेसतरा तास लागतात. लक्षणंही बहुधा ६ ते १२ तासांनी दिसतात. तोवर शेरूचे मालक मेसेज लिहून मोकळे.

‘गावठी कुत्रं काहीही पचवतं.’ हे पोटाच्या ताकदीचं काम नाही, यकृतातल्या एन्झाइमचं आहे. जपानमध्ये अशी बीगल कुत्री सापडली आहेत, ज्यांच्यात माणसात कॅफिनची विल्हेवाट लावणारं सीवायपी१ए२ हे एन्झाइम तयारच होत नाही. जात एकच, तरी कुत्र्या-कुत्र्यात फरक, आणि तो जनुकांतला. शिळी भाकरी खाऊन तो भरून निघत नाही.

आता ज्याने माझं डोकं फिरलं तो मुद्दा : ‘चुकून खाल्लंच तर दोन चमचे मीठ पाण्यात कालवून पाजा, वरून दूध द्या आणि भरपूर पळवा.’ दोन चमचे म्हणजे दहा-बारा ग्रॅम मीठ. गुंड्याच्या वजनाला किलोमागे जवळपास ३ ग्रॅम. किलोमागे साधारण ४ ग्रॅम मीठ कुत्र्याचा जीव घेऊ शकतं, असं मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल सांगतं, आणि जनावरांचे डॉक्टर ते पुस्तक उशाशी घेऊन झोपतात. उलटी झाली नाही तर मीठ आतच राहतं, रक्तातलं सोडियम चढतं, झटके येतात. चॉकलेटनेही झटकेच येतात. मग डॉक्टरांनी आधी कशावर इलाज करायचा? दुधाने थिओब्रोमिन बांधलं जात नाही. त्यासाठी अॅक्टिव्हेटेड चारकोल असतो, आणि तो डॉक्टरांनी द्यायचा.

फिरवण्यात मात्र अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. थिओब्रोमिन मूत्राशयातून पुन्हा रक्तात शोषलं जातं, म्हणून कुत्र्याला वारंवार लघवीला नेलेलं बरं. पण हळूहळू. हृदय आधीच धडधडत असताना पळवायचं कशाला?

राहिला केक. मावशी पन्नास ग्रॅम कोको पावडर घालते आणि दहा तुकडे करते. तुकड्यामागे पाच ग्रॅम कोको, म्हणजे साधारण १४० मिलिग्रॅम थिओब्रोमिन. गुंड्याला किलोमागे ३५. मर्कच्याच आकड्यांनुसार २० ला उलट्या-जुलाब आणि अस्वस्थता, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके. दुसरा तुकडा दिला की ७०.

हा हिशेब ग्रुपवर टाकला. सकाळी मावशीचा फोन आला : केक ओट्यावरून फ्रिजच्या डोक्यावर गेलाय, आणि गुंड्या पहाटेपासून फ्रिजसमोर बसून आहे.