विकीवर आहे की!

"मामा, विकीवर आहे की!" भाच्यानं मोबाईल नाकापुढं धरला, की वाद खलास. अरे बाबा, विकिपीडियावर आहे; पण कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय? पानाच्या वर 'इतिहास पहा' असतं, ते दाबायला बोट दुखतं का? परवा खानापूरकडच्या एका गावाची लोकसंख्या पाहिली. आकड्यापुढं संदर्भच नाही, आणि जुन्या आवृत्तीत आकडा वेगळाच! बेळगावचं तर विचारूच नका. सरकारदरबारी 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालं. आता कुठलं नाव दिसलं की कुणाचं डोकं फिरेल, सांगता येत नाही.

खरा संताप पुढं आहे. कुणीतरी बिनसंदर्भ वाक्य घुसडतो, कुणी वार्ताहर ते उचलून छापतो, आणि मग तेच कात्रण त्या वाक्याला पुरावा म्हणून चिकटतं. आपणच फिर्यादी, आपणच साक्षीदार! विकिपीडिया स्वतःच म्हणतो, मला पुरावा धरू नका, मूळ संदर्भ तपासा. पण तळापर्यंत कोण जातंय? आमचा भाचा पहिल्या दोन ओळींवर निबंध उरकून चहाला बसलाय.